मागे घेतलेले हात

आमच्या इमारतीचा जिना कुणी सावकाश उतरताना दिसलं, तर दोनच शक्यता असतात. एक तर वीज गेलेली असते, नाहीतर उतरणारे तात्याराव असतात. लिफ्ट आहे, नाही असं नाही. पण ती चालू असण्यापेक्षा बंद असण्यात जास्त रमते. तात्याराव तिच्या वाटेला जात नाहीत. कठड्याला हात, पायरीवर नजर, आणि पूर्ण पाऊल टेकल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही. मागून कुणी घाईत आलं तर ते भिंतीला टेकून उभे राहतात आणि म्हणतात, "जा, जा. मी आहे इथेच."

मला सावकाश चालणारी माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. माझी सगळी नोकरी टपालाच्या खिडकीवर गेली. खिडकीपुढे रांग आणि रांगेत पुणेकर, म्हणजे बोलायलाच नको. हात भराभर चालले नाहीत तर लोक तोंड चालवतात. त्यामुळे तात्याराव शेजारच्या घरात राहायला आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी बहिणीला फोनवर सांगितलं की शेजारी चांगला माणूस आलाय, पण त्याला किल्ली द्यायची राहिलेली दिसते.

आम्ही विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून थोडं आत राहतो. तात्यारावांची बाल्कनी आणि माझी बाल्कनी यांच्यामध्ये फक्त एक लोखंडी जाळी आहे. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला कळतं आणि माझ्या घरात काय चाललंय ते त्यांना. मी ऐकते, ते बहुधा ऐकत नाहीत.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं, तेही स्फोटकं भरायच्या विभागात. त्या विभागाच्या दाराशी म्हणे एक आडवी लाकडी फळी असायची. फळीच्या अलीकडे बाहेरचे बूट काढायचे, फळीवर बसायचं, पाय उचलून पलीकडे घ्यायचे आणि पलीकडे ठेवलेले बूट चढवायचे. बाहेरची धूळ पलीकडे जाता कामा नये. किल्ल्या, काडेपेटी, मोबाईल, सगळं अलीकडे ठेवायचं. घरचं भांडणसुद्धा अलीकडे ठेवायचं, असं त्यांचे साहेब सांगायचे. आणि फळीच्या पलीकडे कुणी पळायचं नाही. शिंक आली तरी हातातलं आधी खाली ठेवायचं आणि मग शिंकायचं, असं तात्याराव सांगतात. त्यातलं शिंकेचं खरं की ते माझी फिरकी घेतात, हे मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर घरात फळी कुठे बसवणार? म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लाल ऑइलपेंटची एक रेघ ओढली. रेघेच्या आत मोबाईल न्यायचा नाही. आत गेलं की दोन्ही पाय टेकवून क्षणभर थांबायचं, फरशीकडे बघायचं, शेगडीकडे बघायचं, आणि मग कामाला हात घालायचा. पाहुणे हसायचे. मीही हसले. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड दुधानं कधी भाजलंच नव्हतं, तरी हे जन्मभर ताक फुंकत होते.

"न भाजलेलं तोंड असंच राहावं म्हणूनच फुंकतो, हेमाताई," ते म्हणाले होते.

एकदा ते नवराबायको माझ्याकडे चहाला आले होते. ट्रे पुढे करताना एक कप घसरला. तात्यारावांच्या गुडघ्याजवळूनच खाली गेला. जगातल्या कुठल्याही माणसानं हात पुढे केला असता. यांनी दोन्ही हात झटकन मागे घेतले आणि जागच्या जागी थिजून बसले. या माणसाला मी झटकन काही करताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. कप फुटला, चहा माझ्या साडीवर.

"पडणाऱ्या वस्तूला झेलायला जायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "हात मागे घ्यायचे, आहे तिथे थांबायचं आणि मग हाक मारायची. कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. झेलायला गेलेला माणूस धड झेलत नाही, उलट धक्का देतो. त्या धक्क्यानं तिथे काय होईल सांगता येत नाही."

"अहो, पण हा चहाचा कप होता!"

"हाताला काय कळतंय ते?"

साडीवर डाग आणि वर ज्ञान. मी फणकारले, पण सुंदराबाई खोखो हसत सुटल्या. "माझ्या घरात कपबशीचा एक धड जोड राहिलेला नाही हो, हेमाताई. काही पडलं की हे आपले हात बांधून उभे. मीच धावते."

सुंदराबाई म्हणजे त्यांची पत्नी. महापालिकेच्या बालवाडीत शिक्षिका होत्या. वर्गभर पोरं सांभाळून त्यांच्या अंगात जो वेग भरला, तो निवृत्तीनंतरही उतरला नाही. भाजी चिरताना त्यांची नजर भाजीवर कधी नसायची. एका हातानं पोळी उलटायच्या, दुसऱ्या हातानं डबा बंद करायच्या, आणि मान खिडकीकडे वळवून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करायच्या. मला त्या फार आवडायच्या, कारण त्या माझ्यासारख्या होत्या. दोघांची जोडी कशी जमली, हे कोडं इमारतीत कुणालाच सुटलं नव्हतं.

"सावकाश, सुंदरा," हे त्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य होतं. सकाळी माझ्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालताना मला ते ऐकू यायचं, दुपारी कपडे काढताना ऐकू यायचं. आणि त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "तुम्ही जगा सावकाश. मी तोवर दोनदा जगून घेते."

बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायची खीर दरवर्षी सुंदराबाई करतात. त्यांच्या खिरीचं नाव आहे आमच्या भागात. गेल्या बुद्धपौर्णिमेला सकाळपासून त्यांची धांदल चालली होती. दूध आलं होतं, तांदूळ भिजले होते, मुलगी दीक्षा हडपसरहून निघाली होती. मी वेलदोड्याची पूड करून द्यायचं कबूल केलं होतं. ती डबी घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दाराशीच मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"आज तेवढं तुमचं सावकाश गुंडाळून ठेवा बघू. संध्याकाळपर्यंत एकदासुद्धा ऐकू यायला नको. काम करणाऱ्याचे हात लटपटतात त्यानं."

"बरं," तात्याराव म्हणाले.

ते उंबऱ्याशी, लाल रेघेच्या अलीकडे उभे होते. मी बाहेरच्या खोलीत, त्यांच्या मागे. सुंदराबाईंनी नुकतीच फरशी पुसली होती. खिरीचं मोठं पातेलं माळ्यावर होतं. त्यांनी प्लास्टिकचं स्टूल पायानंच ओढलं आणि ओल्या पायांनी त्यावर चढल्या. दोन्ही हात वर, टाचा उचललेल्या, आणि तोंडानं मला सांगतायत, "या हेमाताई, डबी ओट्यावर ठेवा." एवढ्यात स्टुलाचा पाय फरशीवरून सरकला.

तात्याराव त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मी मागून स्पष्ट पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मागे आले, एकमेकांत गुंतले आणि पाठीशी घट्ट बसले. सुंदराबाई खाली पडल्या. पातेलं त्यांच्यामागून आलं आणि फरशीवर गरगरत राहिलं.

मग तात्यारावांनी हाक मारली. कारखान्यात मारायचे तशी, ठाम आणि मोठ्यानं. "दीक्षा! कुणीतरी या!" दीक्षा तर तेव्हा वाटेत कुठेतरी होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. त्या वर्षी विहारात खीर दुसऱ्या कुणाची तरी झाली आणि लोकांनी ती नावं ठेवत खाल्ली. मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा सुंदराबाई छताकडे बघत पडल्या होत्या. तात्याराव खाली औषधं आणायला गेले होते.

"तुम्ही पाहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

मी न कळल्यासारखं केलं.

"मी खाली येत होते आणि ते समोर दिसत होते मला. हात मागे घेतले त्यांनी. कपासाठी घेतात, ताटासाठी घेतात, ते ठीक आहे. माझ्यासाठीसुद्धा?" एवढं बोलून त्यांनी मान भिंतीकडे वळवली. हाडाच्या दुखण्यानं त्या रडल्या नव्हत्या; आता रडल्या.

मला तात्यारावांचा असा संताप आला की जिन्यात ते समोरून पिशवी घेऊन सावकाश वर येताना दिसले, तेव्हा मी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही. ते मात्र नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून उभे राहिले आणि मला वाट दिली.

डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून घरी पाठवलं होतं. उठायचं, उभं राहायचं, वॉकर घेऊन चालायचं, रोज. या वयात माणूस पडून राहिला की पडूनच राहतो. सकाळी ऋचा नावाची एक मुलगी व्यायाम करून घ्यायला यायची. तिच्या आधारानं सुंदराबाई चार पावलं टाकायच्या. दुपारी दीक्षाच्या आधारानं, संध्याकाळी कधी माझ्या. वॉकर पुढे, आणि कुणीतरी बाजूला दंडाला धरून. पण तात्याराव पुढे झाले की त्या जिथे असतील तिथे खाली बसायच्या.

"आई, बाबांचा हात धर ना," दीक्षा एकदा कळवळून म्हणाली. तिची रजा संपत आली होती. हडपसरला तिचं ऑफिस, तिचा संसार. रोज शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणं तिला शक्य नव्हतं. "मी गेल्यावर दिवसभर तुला कोण उठवणार? ऋचा तासभर येते फक्त."

"मला परत पडायचं नाही," सुंदराबाई म्हणाल्या.

तात्याराव तिथेच, खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. हातातले दाणे त्यांनी दाण्यांत टाकले की टरफलांत, तेही त्यांना कळलं नसावं.

पुढच्या रविवारी दीक्षा गेली. आणि मला त्या घरात दोन बदल जाणवले. पहिला म्हणजे उंबऱ्यावरची लाल रेघ नव्हती. तात्यारावांनी टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन ती घासून काढली होती. पूर्ण निघाली नव्हती. फिकट गुलाबी डाग तेवढा राहिला होता. दुसरा बदल लक्षात यायला मला वेळ लागला. सकाळी तुळशीला पाणी घालताना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं. 'सावकाश' हा शब्दच त्या घरातून गेला होता. ते आता कुणालाच काही सांगत नव्हते. खालच्या मजल्यावरचा शुभंकर मोबाईल बघत जिना उतरायचा, त्यालाही नाही. मी स्वतः एकदा गरम कुकर उघड्या हातानं उचलला, तोही त्यांच्यादेखत. ते गप्प बसले. चटका बसला मला. आयुष्यभर ज्या शब्दाची कटकट वाटली, तो ऐकू येईना म्हणून मी अस्वस्थ झाले, यात माझं मलाच नवल वाटलं.

सुंदराबाई आता फक्त ऋचा आली की उठायच्या. ती गेली की दिवसभर अंथरुणावर. पायांतली ताकद कमी होत चालली होती, हे मलाही दिसत होतं. ऋचा मला जिन्यात म्हणाली, "काकू, आजी अशाच राहिल्या तर नंतर अवघड होईल हं." मी काय करणार? दीक्षा पलीकडून धरायची तोवर मी हात लावायचे; एकटीनं उठवायला माझे गुडघे माझेच मला पेलत नाहीत.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

दुपारची वेळ. सगळी इमारत पंखे लावून आडवी झालेली. आणि बाल्कनीच्या बाजूनं टण्ण. थोडी शांतता. पुन्हा टण्ण. स्टीलचं भांडं फरशीवर पडल्याचा आवाज तो. पहिल्या दिवशी वाटलं, बिचारे भांडी घासत असतील, सवय नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढेही दुपारची झोप म्हणून काही उरली नाही. शेवटी माझी सहनशक्ती संपली. ती मुळातच फार नाही. मी तरातरा बाल्कनीत गेले आणि जाळीतून ओरडले, "तात्याराव, भांडी पाडायचा क्लास काढलाय का? फी किती आहे?"

ते बाल्कनीत स्टुलावर बसले होते. त्याच स्टुलावर. एका हातात पाणी प्यायचं फुलपात्र खांद्याच्या उंचीवर धरलेलं, दुसरा हात खाली, कमरेशी. माझ्याकडे बघून ते ओशाळले.

"आवाज होतोय का? उद्यापासून प्लास्टिकचं घेतो."

"पण करताय काय?"

त्यांनी उत्तर दिलं नाही, करून दाखवलं. वरच्या हातानं फुलपात्र सोडलं. खालच्या हाताला ते झेलायचं होतं. फुलपात्र खाली येताना तो हात पुढे यायला निघाला, थबकला, आणि सरळ पाठीमागे गेला. टण्ण.

"जातो मागेच," ते म्हणाले. "मी सांगतोय पुढे जा, तो मागे जातो. पण काल एकदा बोटं लागली होती काठाला."

सत्तरी ओलांडलेला माणूस भर उन्हाच्या वेळी बाल्कनीत बसून आपल्या हाताला जन्मभराचा धडा विसरायला शिकवत होता. दवाखान्यापासून मनात धरून ठेवलेला राग मला त्यांच्यावर आणखी धरवेना.

"तात्याराव," मी आवाज खाली आणून म्हटलं, "हे त्यांना सांगा ना आत जाऊन. की हाताला वळण आहे ते. मुद्दाम नाही केलं. कारखान्यानं लावलेली सवय आहे."

"ते तिला ठाऊक आहे. तिच्यासमोर निम्मी कपाटातली भांडी फोडलीत मी." त्यांनी फुलपात्र उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. "आणि खरं सांगू का, हातांचं मला एवढं लागलेलं नाही. हात पुढे गेले असते तरी काय? ती आणि मी दोघं पडलो असतो. एकदा पडायला लागल्यावर करण्यासारखं फार काही नसतं. जे करायचं ते त्याच्या आधी."

"मग?"

त्यांनी फुलपात्र मांडीवर ठेवलं.

"मला दिसलं होतं, हेमाताई. तिचे पाय ओले होते. स्टुलाचा एक पाय पुसलेल्या फरशीवर होता, तो टेकलेला नव्हता नीट. ती चढायच्या आधी मला सगळं दिसलं होतं. सवयच आहे ती डोळ्यांना. शब्द अगदी ओठांवर आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळीच तिनं सांगितलं होतं ना, आज बोलायचं नाही. म्हटलं, सणाचा दिवस आहे, कशाला चिडवा. एक दिवस नाही बोललो तर काय होणार आहे." ते म्हणाले. "इतकी वर्षं रोज बोललो. लोक हसले तरी बोललो. आणि जेव्हा बोलायचं तेव्हा मूग गिळून बसलो."

"हे सांगा ना त्यांना!"

"कसं सांगू? त्याचा अर्थ असा होतो की तू मला गप्प केलंस म्हणून तू पडलीस. हाड तिचं मोडलं, आणि दोषही तिलाच द्यायचा? नाही. त्यापेक्षा हातांवर राग आहे तो बरा आहे." आणि त्यांनी फुलपात्र पुन्हा खांद्याशी नेलं.

त्यांच्या आतल्या खोलीची खिडकी त्याच बाल्कनीत उघडते. उन्हाळ्याचे दिवस, खिडकी सताड उघडी. हे मला तेव्हा आठवलं, जेव्हा आतून वॉकरचा आवाज आला.

आधी एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा. ऋचा सकाळीच येऊन गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तात्याराव ताडकन उठले नाहीत. ते ताडकन उठतच नाहीत. पण फुलपात्र त्यांनी इतक्या घाईनं खाली ठेवलं की ते कलंडलं. ते आत गेले. मी माझ्या दारातून बाहेर पडून त्यांच्या दारात गेले. ते उघडंच असतं.

सुंदराबाई खोलीच्या मध्यावर आल्या होत्या. गाऊनवर ओढणी, केस विस्कटलेले, वॉकरवर हाताची बोटं पांढरी पडलेली. आपल्या आपण त्या इतक्या लांब पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी आमच्या कुणाकडे बघितलं नाही.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"चहा करते. तुम्ही आलायत, चहा नको?"

आणि त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. वॉकर पुढे ठेवायचा, एक पाय, दुसरा पाय. तात्याराव बाजूनं चालत होते, दोन्ही हात पुढे काढलेले, पण अंगाला न लावता. त्या थांबल्या नाहीत, बसल्याही नाहीत. तेवढंच मला पुष्कळ वाटलं. पण त्या पडल्या असत्या तर त्या हातांचा भरवसा काय, ते मी मघाशीच पाहिलं होतं.

उंबरा आला. घासलेल्या रेघेचा गुलाबी डाग वॉकरच्या पायांपाशी आला. सुंदराबाईंनी वॉकर आत टाकायला उचलला. मला आत काहीच वावगं दिसत नव्हतं. ओटा, शेगडी, कोपऱ्यात माठ. तात्यारावांची नजर मात्र खाली गेली आणि तिथेच राहिली. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. ते बुद्धपौर्णिमेच्या सकाळी जिथे उभे होते, बरोबर तिथेच आत्ता उभे होते.

"थांब, सुंदरा!"

केवढ्यांदा ओरडले! खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडल्याचं ऐकू आलं.

"माठ पाझरलाय. तुझ्या डाव्या पायापुढे ओलं आहे. थांब. सावकाश."

सुंदराबाई थांबल्या. वॉकर त्यांनी होता तिथे परत टेकवला. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात दूध तापायचीही वाट बघितली नाही, ती हूं की चूं न करता रेघेपाशी उभी राहिली.

तात्याराव गुडघ्यांवर बसले. ओट्याखालचं फडकं ओढलं आणि फरशी पुसायला लागले. पुसून झाल्यावर त्यांनी फरशीवर तळहात फिरवला. समाधान झालं नसावं. दुसरं, कोरडं फडकं घेतलं आणि पुन्हा पुसलं. मग माठाखाली ताटली सरकवली. मग परत तळहात. एरवी मी वैतागले असते. त्या दिवशी मनात म्हटलं, पुसा बाबा, हवं तेवढं पुसा.

"किती वेळ पुसताय?" सुंदराबाई म्हणाल्या. आवाज ओला होता, पण शब्द नेहमीचेच. "दूध उतू जाईल माझं."

"अजून गॅसच पेटवलेला नाहीस तू," तात्याराव खालूनच म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. सुंदराबाई खाली बघत होत्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"परत कधी मी गप्प बसा म्हटलं," त्या म्हणाल्या, "तर ऐकू नका माझं."

"बरं."

"आणि ती भांडी पाडणं बंद करा. झोप लागत नाही मला."

तात्याराव ओट्याचा आधार घेत सावकाश उठले. सुंदराबाईंनी वॉकरवरचा एक हात सोडला आणि त्यांच्यासमोर धरला. तात्यारावांनी आपले ओले हात आधी सदऱ्याला पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. तोपर्यंत तो हात तसाच हवेत थांबला होता. मग त्यांनी तो धरला.